१४ तारखेबद्दल काही लिहिणार नाही

कोल्हापूर
रविवार, सकाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण डॉक्टरांनी तुला तीन आठवडे मौन सांगितलंय, म्हणजे फोनवर मी बोलणार आणि तू पलीकडून 'हूं' म्हणणार. तेवढंही आत्ता नको. मोबाईलवर माझी बोटं चालत नाहीत, म्हणून अण्णांच्या ट्रंकेतले फुलस्केप काढले.

१४ तारखेच्या तुझ्या सौभद्रच्या प्रयोगाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आईला तसा शब्द दिलाय.

तुझ्या घशाचा रिपोर्ट सुशांतने पाठवला. फोटोत दोन्ही स्वरपट्ट्यांवर समोरासमोर एकेक बारीक दाणा दिसतो, हाताला घट्टा पडावा तसा. तुझा आवाज एकोणतीस वर्षं ऐकतोय, पण तो निघतो ती जागा पहिल्यांदा बघितली. केवढीशी असते गं! पेटीच्या काळी पाच सुरात तू तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावलास की त्या पट्ट्या सेकंदाला साडेचारशेहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. क्लासात पोरांना हा आकडा मी मोठ्या ऐटीत सांगतो. परवा सांगता सांगता थांबलो.

असल्या गाठी विश्रांतीने आणि आवाजाच्या नीट व्यायामाने बहुतेक वेळा जातात, असं तुझ्याही डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग ऐक त्यांचं. खाकरू नकोस. कुजबुजू तर नकोसच, त्यात घसा जास्त आवळतो. पाणी पीत राहा. आणि पलंगावर पडून मनातल्या मनात तालीम करू नकोस, माझा तरी तेव्हा गळा हलतो. सौभद्र १८८२ पासून चाललंय. एक प्रयोग झाला नाही म्हणून अर्जुन काही जन्मभर संन्यासी राहणार नाही.

झालं, लिहिलंच. माफ कर. तीस वर्षं शिकवून शिकवून माणसाला साधं बोलता येईनासं होतं.

तुला बेळगावची गोष्ट माहीत आहे, पण अर्धीच. १९९२ साल. दौऱ्यातला सातवा प्रयोग, अंगात ताप. घरी मी कायम सांगत आलो की नाटक कंपनीच्या मालकाने मला तसाच उभा केला. खोटं आहे ते. त्या माणसाने मेकअपच्या खोलीत येऊन विचारलं होतं, "आजचा रद्द करू या का?" मीच म्हणालो, हाऊसफुल्ल आहे, मी उभा राहतो. मिऱ्याचा काढा प्यायचा आणि उभं राहायचं, एवढीच आमची वैद्यकी. तिसऱ्या अंकात तार षड्जाला तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. ऑर्गनवर दत्तूकाका होते. माझ्याकडे न बघता त्यांनी तो षड्ज बोटाने दाबून धरला, पार ती जागा भरेपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मीच गातोय. मी हात वर करून नुसता उभा होतो. त्यानंतरही मी त्या दौऱ्यात अकरा प्रयोग केले.

वरचा षड्ज पुन्हा आला नाही.

तेव्हा लोक मला जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचं उदाहरण द्यायचे. तरुणपणी दरबारात अति गाऊन त्यांचा आवाज गेला होता, आणि उरलेल्या आवाजातून त्यांनी जी गायकी घडवली, ती शाहू महाराजांच्या पदरी असताना याच गावाने ऐकली. गोष्ट खरी आहे, मीही पोरांना सांगतो. पण खुळे, आवाज गेलेल्या प्रत्येकाचं घराणं होत नसतं. माझा मंगळवार पेठेतला माडीवरचा क्लास झाला. तसं वाईट नाही झालं. दोन तंबोरे, बारा सतरंज्या, आणि सहा महिने मी कुणाला मध्य पंचमाच्या वर जाऊ देत नाही म्हणून कुरकुरणारे पालक.

तुझ्या वेळी हे शहाणपण कुठे गेलं होतं, असं तू कधी विचारलं नाहीस. तेव्हाही होतं. दुसऱ्यांच्या पोरांपुरतं. तू तेरा वर्षांची असताना स्पर्धेसाठी मी तुझी पट्टी चढवली, कारण गाण्याच्या देवल क्लबात कुणीतरी म्हणालं होतं, बापाचा आवाज पोरीत उतरलाय. दोन दिवस तुझा घसा बसला होता. आईने मध चाटवला, मी रियाज घेतला.

आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी खासबागेजवळ गर्दीत उभा, कानाला फोन, पलीकडे तू रडत होतीस. तुझा आवाज तेव्हाच चिरका लागला होता. मला वाटलं, रडण्याने असेल. मागच्या रांगेतल्या पोराचा उतरलेला निषाद मला पाठमोरा कळतो, आणि घरातलं हे कळू नये?

फेब्रुवारीत तुझी सुभद्रा बघायला पुण्याला आलो होतो. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. माझी मुलगी आहे म्हणून सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मध्यंतरात सांगितलं. वडाही त्यांना मीच दिला.

आईला आत्ता हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं ऐकलासा त्या वेळी?" आणि भाजी निवडायला गेली.

तर १४ तारखेचं काय ते सुशांतच्या मोबाईलवरून कळव. 'हो' किंवा 'नाही', एवढंच. 'हो' असलं तरी मी येईन, पण पहिल्या रांगेत बसणार नाही.

तुझा
बाबा

ता. क. पत्र आलं की मोठ्याने वाचायची तुझी लहानपणापासूनची सवय आहे. हे मनात वाच.