भुताच्या रात्रीचे सिनेमे

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मी कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. ३१ ऑक्टोबरला तुझ्याकडे हॅलोविनची रात्र आणि सिनेमे मी निवडायचे, यात मला किती आनंद झालाय ते सांगता येत नाही. चार दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

नववीत असताना कोजागिरीचं दूध पिऊन आपण शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी जाऊन उभे राहिलो होतो, आठवतं? १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला आणि पौर्णिमेला ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, हे आजीकडून शंभरदा ऐकलेलं. त्या रात्री ऐकू काहीच आलं नाही. पण बंद दाराकडे कान लावून उभं राहताना जे काळीज हललं, तसं पुढे पडद्यावरच्या कुठल्याही विद्रूप चेहऱ्याने हललं नाही. त्या गोष्टीतलं भूत कुणाला दिसत नाही, नुसती हाक आहे. तेव्हापासून भयपट मी कानाने निवडतो.

म्हणून सुरुवात ‘महल’ने. १९४९चा आहे, काकूही शेवटपर्यंत बसतील. ‘आयेगा आनेवाला’ लक्ष देऊन ऐक. लताबाई तेव्हा जेमतेम विशीच्या. आवाज लांबून येतोय असं वाटावं म्हणून त्या माइकपासून दूर उभ्या राहून, गात गात जवळ आल्या. त्या काळच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! गाणाऱ्या बाईचा पत्ताच नाही, फक्त आवाज.

काकू झोपल्या की ‘सायको’. दिग्दर्शक हिचकॉकला न्हाणीघरातल्या त्या खुनाच्या प्रसंगात संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहिल्या, आणि ऐकल्यावर हिचकॉकने त्या ठेवल्या. एकदा तो तुकडा आवाज बंद करून बघू. भीती किती उरते ते तुझं तुलाच कळेल.

शेवटी, मध्यरात्रीनंतर, ‘तुंबाड’. त्यातला पाऊस खरा आहे, अनेक पावसाळे थांबून टिपलेला, आणि वाडा आपल्या सासवडचा, पुरंदऱ्यांचा. तो थेटरात पाहून आल्यावर मला आजोळच्या माजघराचा वास आला होता. कोकणात वाढलेल्या माणसाला हॅलोविनच्या परदेशी भोपळ्याची काय भीती वाटणार? पण कुलूप घातलेल्या खोलीत कण्हणारी म्हातारी, हे आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी कल्पलेलं असतं.

‘लपाछपी’ मात्र या वेळी नको. मला तो फार आवडतो. उसाच्या मळ्यातलं ते घर, आणि त्यामागचा पोटच्या मुली मारण्याविरुद्धचा राग खरा आहे. पण नायिका गरोदर आहे, आणि वहिनींना सातवा महिना. त्यांनी हट्ट केला तरी ऐकू नकोस. बाळ आल्यावर बघू.

टीव्हीच्या स्पीकरवर भागणार नाही, माझा साउंडबार मी रिक्षात घालून आणतो. तू फक्त बाल्कनीचं दार घट्ट लाव आणि पंख्याची ती कुरकुर दुरुस्त करून घे. शांतता हवी. भडंग माझ्याकडून, चहा बारानंतर तुझा. वहिनी आणि काकूंना नमस्कार.

तुझाच,
दिल्ली दरवाजाचा सोबती