प्रिय मंदे, तिला सगळं ऐकू येत होतं

प्रिय मंदे,

घरी सगळे ठीक. माझी कंबर आहे तशीच, पट्टा बांधला की ड्यूटी निभते. आईचं बीपी गोळीवर आहे. हे झालं. आता ज्यासाठी लिहायला बसली ते सांगते. फोनवर सुरू केलं होतं, पण तुझ्या मागं नर्सिंगच्या पोरींचं प्रॅक्टिकल चाललं होतं. आणि घरात सांगावं तर "जेव आणि झोप" एवढंच ऐकायला मिळते. हे तुलाच कळेल.

पोळ्याच्या आधी आमच्या आयसीयूत मण्यार साप चावल्याची केस आली. वणीकडच्या खेड्यातली बाई, दोन लेकरांची माय, खाली सतरंजीवर झोपलेली. पहाटे पोट दुखलं म्हणून उठली, घरच्यांना वाटलं रात्रीचं काही बाधलं. मण्यारीचं तुला माहीतच आहे, चावल्याचं कळत नाही, सूज नाही, रक्त नाही. पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, थुंकी गिळता येईना, तेव्हा कुठं आरोग्य केंद्रात नेली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बरोबर ओळखलं, सर्पदंशाची लस सुरू केली आणि १०८ बोलावली. इथं पोचेपर्यंत श्वास तुटत आला होता. ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावला.

त्यानंतर बोट हलत नाही, पापणी हलत नाही. टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या, तशाच्या तशा. नवीन ब्रदर घाबरून म्हणाला, "सिस्टर, ह्या गेल्या का वो?" आमच्या डॉक्टर सरांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. हे विष नसांच्या टोकावर बसते, मेंदूवर नाही. एकदा बसलं की लसही ते उतरवू शकत नाही, नसांची टोकं पुन्हा धड व्हायला दिवस लागतात. तोवर मशीननं श्वास द्यायचा आणि थांबायचं. माणूस आत जागा असू शकतो. म्हणून झोपेचं औषध लावलं होतं, पण ते कमीजास्त होतच राहते.

जागा असू शकतो, एवढं मी धरून ठेवलं. सक्शनच्या, म्हणजे नळीतला कफ ओढायच्या, आधी सांगायची, "ताई, नळी घालते, खोकल्यासारखं होईल, लवकर काढते." दर दोन तासांनी कूस बदलताना कोणत्या अंगावर वळवतो ते सांगायची. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, डोळे कोरडे पडू नये म्हणून मलम घालून टेप लावायची, तर आधी सांगायची की आता अंधार होईल, घाबरू नका, मी इथंच आहो.

बांगड्यांचं सांगायचं राहिलं. आली तेव्हा दोन्ही हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या. एका हातात सलाइनची लाइन चालू होती, दुसरा हात मोकळा करायचा होता, आणि कोणीतरी बांगड्या फोडायलाच निघालं. दाराच्या काचेतून सासू पाहत होती. जो हंबरडा फोडला म्हातारीनं! लेक जिवंत आहे आणि सुनेच्या बांगड्या फुटणार, कोणती सासू पाहील? मी थांबवलं. साबणाचं पाणी लावलं, अंगठा तळहाताकडे दाबून धरला आणि एकेक बांगडी उतरवली. वेळ लागला, पण एकही वाढली नाही. रुमालात बांधून म्हातारीच्या हाती दिल्या. म्हटलं, "काकू, मोजून घ्या. बरी झाली की तुम्हीच भरा." तिनं खरंच मोजल्या, ओठ हलवत, आणि मग पहिल्यांदा खाली बसली.

पुढं एका रात्री दीर आणि गावचे दोघं जण आत आले आणि पलंगाशी उभं राहूनच बोलायला लागले. "जीव नाही राह्यला आता. घरी नेतो. गाडी सांगून ठेवली." डामाचा कागद मागितला, डॉक्टरांचा सल्ला नसताना आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही करायचा तो. मेलेल्या माणसाला मशीन लावून ठेवतात, हे कुठं तरी कानावर पडलेलं होतंच. मी नवऱ्याला जिन्यात नेलं आणि चिठ्ठीच्या मागं नस काढून दाखवली, स्नायू काढून दाखवला. म्हटलं, बरी होईलच असा शब्द मी देत नाही. सर म्हणतात आशा चांगली आहे, आणि मशीन काढलं तर ती आशा इथंच संपते. तो बराच वेळ गप्प. मग म्हणे, "थे आयकते काय?" मी म्हटलं, मला वाटते ऐकते. जा, पोरं जेवली का ते सांगा तिला. गेला, कानाशी वाकला आणि म्हणाला, "पोट्ट्यायनं दूध पेलं. गाय व्याली, गोऱ्हा झाला." कागदावर सही झाली नाही.

आणि मंदे, आधी पायाचा अंगठा हलला, मग पापण्या. ट्यूब निघाली. घोगऱ्या आवाजात तिनं पहिलं काय विचारलं असेल? आमच्या वॉर्डातल्या कामवाल्या मावशीकडं पाहून, "तुमच्या पोरीचं जमलं काय वो?" मावशीच्या हातातला बेडपॅनच पडला! हिंगणघाटचं स्थळ, मुलगा चांगला पण गाडी मागून राहिला, हे मावशी रात्रभर आम्हाला सांगत होती ना, ते सगळं हिनं टेपखालून ऐकलेलं. आयसीयूत इतके हसलो आम्ही की सर पाहायला आले. मावशीनं दुसऱ्या दिवशी पेढे आणले, स्थळ जमायच्या आधीच.

मग संध्याकाळी तिची वेणी घालत होती, तेव्हा हळूच म्हणाली, "गाडी सांगतली म्हणत होते ना दीर. मले वाटे ओरडून सांगाव का मी आहो, अजून आहो. बोट बी उठे ना." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही ड्यूटीले नसल्या का मले भेव वाटे. कोणी सांगेच ना काय करून राह्यले थे." आणि शेवटी, "घरी कोणाले सांगू नका. मले त्याच घरात राहायचं आहे."

मी कोणाला सांगितलं नाही. तुला लिहून राहिली, कारण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. ही परत आली म्हणून बोलली. त्याच पलंगावरून जे परत आले नाहीत, त्यांनी काय काय ऐकलं असेल? "याचं काही खरं नाही." "बेड कधी रिकामा होते?" राऊंडला आपल्यासमोर किती जण हे बोलून गेले ते तू आणि मी दोघींनी पाहिलं आहे.

आणि नेमकं आताच आमच्याकडे नवीन ऑर्डर निघाली. दुसऱ्या एका पेशंटच्या वेळी नातेवाइकांनी गोंधळ घातला, दाराची काच फोडली, आमच्या एका सिस्टरला ढकललं. तेव्हापासून दारावर दवाखान्यात मारहाण-तोडफोड करणाऱ्यांवरच्या २०१० च्या कायद्याचा बोर्ड लागला, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या पोरीचा हात पंधरा दिवस दुखत होता. पण त्यासोबत असंही ठरलं की सिस्टरनी नातेवाइकांशी बोलायचंच नाही. भेट दुपारी दहा मिनिटं, विचारायचं ते डॉक्टरांना. सर एकटे, ओपीडी त्यांच्याच डोक्यावर, ते कधी बोलणार?

ती माणसं कुठं असतात ते पाहायला ये एकदा. मागं कडुनिंबाखाली तीन विटांची चूल, पोत्यावर झोपणं, आणि कान दाराकडं. दार उघडलं की बाहेर औषधाची चिठ्ठीच येते, म्हणून दार वाजलं तरी त्यांच्या पोटात गोळा येते. काही कळत नाही तिथंच गोंधळ जन्मते, असं माझं ठाम मत आहे. माझं मागणं फार नाही. रोज संध्याकाळी ड्यूटीचा हँडओव्हर झाला की ठरलेल्या वेळी सर आणि एक सिस्टर, दोघांनी खाली बसून काय आहे ते सांगावं, वाईट असलं तरी. एका माणसाला पलंगाशी बसू द्यावं, हातात हात घेऊ द्यावा. आणि पेशंटच्या अंगावरून असं काही बोलू नये, जे तो उठून बसला असता तर बोललो नसतो.

तू म्हणशील, माणसं कुठं आहेत एवढं करायला. व्हेंटिलेटरला एक सिस्टर हे आपण पुस्तकात शिकलो, रात्री आम्ही किती असतो ते तुला ठाऊक आहे. पण कूस तर बदलतोच ना? बदलताना तोंडानं सांगायला वेगळा वेळ लागत नाही.

आठवते का, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली सिस्टर अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं बेशुद्धीत पडून होती, तिला मरू द्यावं का याचा २०११ ला निकाल आला ती हॉस्टेलची रात्र? तू म्हणाली होती, जिला काही कळत नाही तिला असं ठेवणं ही दया नव्हे. मी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि तू रागानं माझ्या वाटची शेगाव कचोरीही खाऊन टाकली! तुझं अर्धं बरोबर होतं, हे मी आज मान्य करते. परतायची वाटच नसेल तिथं मशीन थांबवणं, वेदना होऊ न देणं, घरच्यांत जाऊ देणं, हीपण सेवाच आहे. २०१८ ला कोर्टानंही ती वाट मोकळी केली. पण केईएमच्या सिस्टरांचं मी तेव्हा म्हणत होती तेच आजही म्हणते. १९७३ पासून २०१५ पर्यंत त्यांनी आपल्यातल्याच एकीला भरवलं, बेडसोअर होऊ दिला नाही. तिला कळते की नाही हे सिद्ध व्हायची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

पिंटूला कॉलेज कोणतं मिळालं? सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर चालायला लाव, लाडानं झोपवून ठेवू नको. स्लॅब पडला का?

महिनाअखेरच्या शनिवारी मीटिंग आहे, मी हा विषय मांडणार आहे. मेट्रनबाई तुझं ऐकतात, तू त्यांची लाडकी होती. तू ये, आणि तुझ्या थर्ड इयरच्या दोनचार पोरींनाही आण. नातेवाइकांशी कसं बोलायचं याचा जो चार्ट तू वर्गात लावला आहे, तो सोबत घे. तुझं यायचं नक्की झालं की फोन कर, म्हणजे मी नाइट बदलून घेते.

तुझी,
शोभा