फोनवर सांगितलं नाही ते

सोलापूर,
२ मे

प्रिय चिमे,

परवा तू फोनवर विचारलंस, 'सगळी सोय झाली ना गं?' आणि मी 'हो' म्हणून लगेच आईच्या हातात फोन दिला. सोय झाली हे खरं आहे. पण ती व्हायला जवळजवळ महिना गेला, आणि त्या महिन्यात तुझे इतके फोन येऊनही मी तुला काहीच कळू दिलं नाही. तुला पाचवा लागलाय, घाबरशील असं वाटायचं. आता वाटतं, तुझ्यापासून लपवलं हेच चुकलं. तूही सातव्यात नाशिकहून इकडंच येणार आहेस. म्हणून आज दुपारी पंख्याखाली वही घेऊन बसलेय. ३७वा आठवडा चालू आहे, एका जागी फार वेळ बसवत नाही. दोन बैठकीत लिहीन.

ह्यांचं कंत्राट जानेवारीत संपलं ते तुला माहीत आहे. तोवर पिंपरीत खाजगी डॉक्टरांकडं दाखवत होते. सोनोग्राफी, रक्त-लघवी, सगळं वेळच्या वेळी. फेब्रुवारीत पैशाचं गणित बसेना आणि नेमकं तेव्हाच एक इंजेक्शन राहून गेलं. माझं रक्त बी निगेटिव्ह, ह्यांचं पॉझिटिव्ह. अशा बाईला २८व्या आठवड्यात अँटी-डी द्यावं लागतं. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं आणि त्याचा थोडा अंश आईच्या रक्तात मिसळला, तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध लढायला शिकतं. पहिल्या बाळाला बहुतेक वेळा धोका नसतो, पुढच्याला असतो. डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनानं लिहून दिलं होतं. त्याच आठवड्यात आम्ही भाड्याचं घर रिकामं करत होतो. भांडी पोत्यात भरताना ती फाइल मी तीनदा उघडून पाहिली होती, चिमे.

१४ मार्चला इथं आले. दुसऱ्याच दिवशी आईबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. कुठल्या ते लिहीत नाही. सकाळी आठला केसपेपरची रांग धरली, खिडकीपाशी पोचायला साडेदहा झाले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कार्ड कुठंय?" माझ्याकडं फाइल होती. त्यांना हवं होतं ते माता-बाल संरक्षण कार्ड, सरकारी. खाजगीत दाखवणाऱ्या बाईला ते आपणहून कोण देणार? "आधी तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात नोंद करा, मग या. आणि गरोदर बायकांची तपासणी आज नसते." उन्हातून रिक्षानं परत आलो.

आरोग्य केंद्रात आधार मागितलं. आधारवर पत्ता पिंपरीचा आणि नाव माहेरचं. लग्नाचा दाखला आम्ही अजून काढलेलाच नाही. "ह्यांचं आधार आणा, इथल्या पत्त्याचा पुरावा आणा." अप्पांचं रेशनकार्ड, लाइट बिल घेऊन परत गेले. मग संगणकावर माझा नंबर टाकला तर तिथं म्हणे माझी नोंद आधीच झालेली. मला काही कळेना. मग आठवलं, पाचव्या महिन्यात पिंपरीत एक आशाताई दारावर येऊन नाव, वय, मोबाईल लिहून गेल्या होत्या. कार्ड नंतर आणून देते म्हणाल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. आता इथल्या बाई म्हणाल्या, "नोंद तिकडं झालीय, त्यामुळं इथं नवीन होत नाही. तिकडचं कार्ड आणा." आणि कार्ड तर माझ्या हातात कधी पडलंच नव्हतं.

त्या नोंदीला एक नंबर असतो. तो बाईबरोबर फिरावा, ती सासरी असो की माहेरी, तिची माहिती तिच्या मागून यावी, याच्यासाठीच ती सगळी व्यवस्था केलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आपल्याकडं किती पिढ्यांपासून चालत आलंय. सातव्या-आठव्यात बाई गाव बदलणार हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि त्या टेबलावर मात्र रोज नव्यानं विचारतात, 'तिकडचं इकडं कशाला आलात?'

दादा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेला, तिथून पिंपरीला. त्या आशाताईंकडं आता तो भाग नव्हता. नव्या ताईंनी जुनं रजिस्टर काढून दिलं, त्यात माझं नाव सापडलं. तिथल्या सिस्टरनी एका कागदावर नंबर लिहून, शिक्का मारून दिला. रात्री दादा परत आला तेव्हा तो कागद त्यानं शर्टाच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. एका दिवसाचा पगार बुडवून. दुसऱ्या दिवशी तो कागद मी टेबलावर ठेवला. बाईंनी उचलूनसुद्धा घेतला नाही. "चिठ्ठी चालत नाही. कार्डच लागतं."

त्या दिवशी मी तिथंच बाकावर बसून रडले. आईसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, राहवलं नाही.

बाकावर जागा नव्हती म्हणून शेजारी फरशीवर एक अक्का बसली होती. तेलुगू बोलणारी, विडी वळणारी, नवरा यंत्रमागावर. नववा महिना भरत आलेला. तिला हजार विड्यांमागं मजुरी मिळते, आणि ती तीन दिवस रोज येत होती, म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. तिच्या आधारवर आडनाव एक आणि रेशनकार्डवर एक, दोन अक्षरांचा फरक. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नाव चुकीचं लिवलं त्यांनीच की. पोट तर खरं हाय ना?" मग डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढं केली. खाऊन घेतली. खरंच भूक लागली होती.

आम्ही दोघी बसलो होतो त्या भिंतीवरच एक पाटी होती. रंग उडालेला, पण वाचता येत होती. मी ती इतक्या वेळा वाचली की पाठ झालीय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझर झालं तरी मोफत, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण, घरून आणायला आणि घरी सोडायला गाडी. प्रत्येक गरोदर बाईसाठी. पत्ता कुठला, कार्ड आहे का, असं त्या पाटीवर कुठंही लिहिलेलं नाही.

टेबलावरच्या बाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. एक संगणक, तो सारखा अडकायचा, समोर बायकांची रांग, त्यांनाही दुपारचा डबा तीन वाजता उघडायला मिळायचा. मी पाहिलंय. पण चिमे, इतक्या खेपांमध्ये मला पत्ता विचारला, नवऱ्याचं नाव विचारलं, रेशनकार्डाचा रंग विचारला. 'कितवा महिना?' असं कुणी एकदाही विचारलं नाही. ३०वा आठवडा होता तो ३१, ३२, ३३ झाला आणि त्या लाल पेनानं लिहिलेल्या ओळीपर्यंत कुणी पोचलंच नाही. मला राग आहे तो याचा. बाहेरून इंजेक्शन आणावं म्हणून अप्पा मेडिकलमध्ये विचारून आले. किंमत आम्हाला सांगितली नाही, नुसते गप्प बसून राहिले.

सुटका झाली ती आमच्या गल्लीतल्या आशाताईंमुळं. त्या म्हणाल्या, "नऊ तारखेला या, मी बरोबर येते." दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टर स्वतः तपासणी करतात, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला, २०१६ पासून चालू आहे. ९ एप्रिलला गेलो. डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती आठवडे झाले?" मी '३४' म्हटलं आणि फाइल पुढं केली. लाल ओळ वाचून त्यांनी मान वर केली. "हे कुणी बघितलं नाही?" त्यांनी आधी रक्ताची तपासणी करायला लावली, शरीरात काही तयार झालंय का ते पाहायला. रिपोर्ट चांगला आला आणि मग इंजेक्शन दिलं, दवाखान्यातूनच. राहिलं असलं तरी जितक्या लवकर देता येईल तितकं द्यायचं असतं म्हणाल्या. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, त्यासाठी सलाईनमधून लोह चालू केलं. कार्डही तिथंच मिळालं, पिंपरीचा तोच नंबर त्यावर घालून. दादानं आणलेली चिठ्ठी शेवटी कामाला आली. कार्डावर लाल स्टिकर लावलं, जोखमीचं म्हणून. आता ते पाहिलं की मला रांगेतून पुढं बोलावतात.

सोनोग्राफीला परत ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, फॉर्म एफ, सह्या. तिथं अर्धा दिवस गेला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. तो १९९४ चा गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा कशासाठी आला ते आपल्याला माहीत आहे. तिथल्या एका सहीमागं कुणाचा तरी जीव आहे. आडनावातल्या दोन अक्षरांमागं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुझं. नाशिक सोडायच्या आधी तुझ्या भागातल्या आशाताईंना गाठ आणि कार्ड स्वतःच्या हातात घे. उद्या देते म्हणाल्या तरी उद्या परत जा. त्यावरच्या नंबराचा फोटो काढून मला पाठव. सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद, दोघांचं आधार, दोन-दोन झेरॉक्स. बँकेचं खातं तुझ्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं, मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५००० त्याच खात्यात येतात. लग्नाचा दाखला काढला नसशील तर आताच काढ. इकडं पोचलीस की पहिल्या ९ तारखेला जायचं, मी तोवर बाळंतीण असेन, पण आई तुझ्याबरोबर येईल, तिला आता सगळी टेबलं माहीत झालीत. कळा सुरू झाल्या की १०२, आणि काही भलतंच वाटलं तर १०८. आणि तुझा रक्तगट कुठला गं? इतक्या वर्षांत मला माहीतच नाही. तो आधी कळव.

माझ्या पिशवीत मी एक कागद टाचून ठेवलाय, मोठ्या अक्षरात: बाळाचा रक्तगट बघा, पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी. मी शुद्धीवर असेन नसेन, म्हणून ह्यांना, दादाला आणि आईला, तिघांनाही पाठ करायला लावलंय.

अक्काला मुलगी झाली. परवा आशाताईंनी सांगितलं. मध्यरात्री पोटात दुखायला लागलं, १०८ नं गेली. रात्री तिला कुणी काही विचारलं नाही, सरळ आत घेतलं. दोघी बऱ्या आहेत. मला आनंद झाला, आणि नंतर रात्रभर झोप आली नाही. तीन दिवस त्या फरशीवर ती दिवसाउजेडी बसली होती गं.

नळाला पाणी आलंय, पाचव्या दिवशी. आई एकटीच हंडे भरतेय आणि मला उठू देत नाही. पत्र मिळालं की लगेच फोन कर, आता मी फोन आईकडं देणार नाही. रक्तगट विसरू नकोस.

तुझीच,
बबडी