स्विफ्टचं नाक आणि मागचा बार

ट्रॉय, मिशिगन

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ताम्हिणीच्या वळणांवर स्विफ्टचं नाक बाहेर जातं, म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते, आणि तुझा गॅरेजवाला म्हणतो, पुढे जाड स्टॅबिलायझर (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर पिळला जाणारा बार) टाकू, गाडी झुकायची थांबेल. झुकणं कमी होईल, खरं आहे. पण नाक बहुधा आणखीच बाहेर जाईल. फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच तोडतोस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

वळणावर बाहेरच्या चाकांवर भार चढतो, आतल्यांवरचा उतरतो. एकूण किती भार सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि तू वळण किती जोरात मारतोस यावर ठरतं. बार बदलून त्या बेरजेत फारसा फरक पडत नाही. बार फक्त वाटणी करतो: पुढच्या जोडीने किती सोसायचं आणि मागच्या जोडीने किती. आता टायरची गंमत अशी की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे बाहेरचा टायर जेवढं कमावतो त्यापेक्षा आतला जास्त गमावतो, आणि ज्या जोडीत जास्त भार सरकला तिची एकूण पकड घटते. पुढचा बार कडक केलास की पुढची पकड घटते. मागचा कडक केलास की मागची घटते, पुढच्या चाकांना थोडी उसंत मिळते आणि गाडी वळायला राजी होते. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे जुने फोटो बघ, वळणावर मागचं आतलं चाक चक्क हवेत असतं. बघणाऱ्याला भीती वाटते, पण पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला त्याने काही बिघडत नाही. कामाची चाकं जमिनीवरच असतात.

आता तू म्हणशील, मग तू स्वतः तुझ्या मियाटाला (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) पुढे जाड बार का लावलास? माझी गाडी मागच्या चाकांवर चालते. मागे बार कडक केला तर वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं होऊन नुसतं फिरत बसतं. शिवाय इथे ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाशी लावलेली शर्यत) स्ट्रीट गटात पुढचा किंवा मागचा, एकच बार बदलायची मुभा आहे. तेव्हा पुढचा घेतला आणि मागचं सगळं कंपनीचं ठेवलं. आणखी एक पाचर मारून ठेवतो: तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेलं साधं सस्पेन्शन) आहे. अशी गाडी फार झुकली की बाहेरचा टायर त्याच्या कडेवर उभा राहतो, आणि झुकणं आवरल्यावर कधीकधी पुढची पकड चक्क वाढते. म्हणूनच मघाशी ‘बहुधा’ म्हटलं. टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा लवकर झिजतेय का, ते आधी बघ.

जाडीच्या बाबतीत दुकानदाराच्या ‘फक्त दोन एमएम’वर जाऊ नकोस. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २२ मिमीच्या जागी २४ टाकलास की तो सुमारे ४० टक्के कडक झाला. म्हणून मला टोकाच्या दांड्यांत एकापेक्षा जास्त भोकं असलेला बार आवडतो. लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी कांडी) आतल्या भोकात लावला की दांडा आखूड, बार कडक; बाहेरच्या भोकात नरम. २५० मिमीचा दांडा २३० केला तर १८ टक्क्यांच्या आसपास फरक. एका बाजूला आतलं आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचं भोक वापरलं तरी चालतं, मधला कडकपणा मिळतो. फक्त एक पथ्य पाळ: लिंक रॉडची लांबी जुळवताना गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाचा माणूस बसलेला हवा. (तुझ्या वजनाचा माणूस शोधायला वेळ लागेल, तूच बस.) जॅकवर लटकलेल्या गाडीत मापं घेतली तर बारला आधीच पीळ बसतो, आणि मग गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरं. बार धरून ठेवणारे बुश रबराऐवजी पॉलियुरेथेनचे असतील तर सिलिकॉन ग्रीस लाव, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला कुरकुर ऐकत बसशील.

तुझी खरी अडचण अशी की स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे. तो आडवा बीम स्वतःच पिळून बारचं काम करतो. बाजारात त्याला जोडायचे जादा बार मिळतात, पण त्यांना बहुधा भोकं नसतात. लावला की लावला. आणि पावसात, घाटात, उतारावर वळण घेताना घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडलास तर तीच हलकी केलेली शेपूट बाहेर येईल. नाक बाहेर गेलं तर वेग कमी करून सावरता येतं, शेपूट सुटल्यावर ताम्हिणीच्या रस्त्याला तेवढी रुंदी नाही. रॅलीवाले चिखलमातीत बार नरम ठेवतात ते उगीच नाही.

म्हणून मी तुझ्या जागी असतो तर आधी हवा तपासली असती. ती जुनी अमेरिकन गाडी, शेवरले कॉर्वेअर, आठवते? इंजिन मागे, आणि १९६० साली गाडी आली तेव्हा पुढे स्टॅबिलायझरच नव्हता. तोल राखायचा भरवसा टायरच्या हवेवर: पुढे १५ पीएसआय, मागे २६. पंपावर कोणी चारही चाकांत सारखी हवा भरली की ती वाटणीच मोडायची. १९६४ च्या मॉडेलला पुढचा बार आला. पुढच्याच वर्षी ग्राहकांच्या बाजूने लढणारा वकील राल्फ नेडर याने आधीच्या कॉर्वेअरवर कोरडे ओढले. १९७२ च्या सरकारी अहवालाने मात्र त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा ती वाईट नव्हती असं म्हटलं. माझं मत विचारशील तर ती हवेची युक्ती फारच पातळ दोरी होती. पण हवेने तोल किती हलतो हे त्यातून कळतं. दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भर, टायर जुने असतील तर बदल, आणि मग पुन्हा एकदा कोरड्या सकाळी जाऊन ये. त्यावरही नाक जात असेल तर मागच्या बारचं बोलू.

पुढच्या टायरचे आतल्या-बाहेरच्या कडांचे फोटो पाठव. गॅरेजवाल्याला तोवर पैसे देऊ नकोस. काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना सांग, दिवाळीत येतोय, चकल्या लपवून ठेवू नका.

तुझा,
मंद्या