फॉर्मला सात दिवस, बिलाला पाच महिने

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत 'शाश्वत उद्योग' या विषयावर चार पानं होती. सगळी वाचली. छतावरचे सौर पॅनेल, हेल्मेट घालून रोपाला पाणी घालणारे अधिकारी, काचेची इमारत, फोटो छानच होते. पण त्या चार पानांत कंपनीतलं एक खातं कुठेच दिसलं नाही. कंपनीचा धंदा पर्यावरणाला झेपेल असा होणार की नाही, हे माझ्या अनुभवाप्रमाणे त्याच खात्यात ठरतं. ते म्हणजे खरेदी खातं.

हिंगणा एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं, म्हणजे पत्र्यावर कोरडी रंगपावडर भाजून बसवण्याचं, लहानसं युनिट आहे. सव्वीस वर्षं झाली. बावीस माणसं कामाला आहेत. मोठ्या कंपन्यांचा पत्र्याचा माल आमच्याकडे येतो. तो टाक्यांमधून धुवायचा, फॉस्फेटिंग करायचं म्हणजे रंग धरावा म्हणून रसायनाचा थर द्यायचा, पावडर मारायची, भट्टीत भाजायचा आणि परत पाठवायचा. मालावर आमचं नाव कुठेच नसतं, पण पाणी, वीज आणि गाळ आमच्याच शेडमध्ये खर्ची पडतो किंवा साचतो.

मागच्या महिन्यात एका मोठ्या कंपनीकडून मेल आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचं काम अजून चालू आहे. सोबत ८६ प्रश्नांचा फॉर्म. तुमचं कार्बन उत्सर्जन किती, पाण्याचा पुनर्वापर किती टक्के, नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, उद्दिष्ट कोणत्या वर्षाचं. आमच्या सुपरवायझरने वाचून विचारलं, "साहेब, हे काय विचारून राहिले जी?" फॉर्म सात दिवसांत भरून द्यायचा होता, नाहीतर व्हेंडर रेटिंग कमी होणार होतं. याच कंपनीला मार्चमध्ये दिलेल्या मालाचे पैसे ऑगस्ट संपत आला तरी आलेले नाहीत. मागचं-पुढचं धरून ४१ लाख अडकलेत. माझं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेली उचल, ११ टक्क्यांचं आहे, म्हणजे त्यांच्याकडे पडलेल्या माझ्याच पैशांवर मी बँकेला महिन्याला साधारण ३७ हजार रुपये व्याज भरतो.

असे फॉर्म का येतात, तेही सांगतो. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेने, एक अहवाल सक्तीचा केला आहे, बीआरएसआर. वीज, पाणी, कचरा, कामगारांची सुरक्षितता, सगळ्याची आकडेवारी त्यात द्यावी लागते. चांगली गोष्ट आहे. त्यापाठोपाठ पुरवठादारांचे आकडेही मागितले जाऊ लागले, म्हणून आमच्यापर्यंत फॉर्म पोचले. पण त्याच अहवालात एक ओळ अशी आहे, जिच्याबद्दल पुरवण्यांत कधी कोणी लिहीत नाही. कंपनी आपल्या पुरवठादारांची देणी सरासरी किती दिवसांनी चुकती करते, तो दिवसांचा आकडाही तिथे द्यायचा असतो. सेबीच्या लेखी हा शाश्वत धंद्याचाच भाग आहे. अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, कोणीही उघडून पाहावा. मी दोन-तीन पाहिले. मुखपृष्ठावर पानं, फुलं, ओंजळीतली पृथ्वी. दिवसांचा आकडा आत खोल कुठेतरी, बारीक अक्षरात.

कायदा नाही असं नाही. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. आमच्या ओळखीत हे व्याज मागितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मागितलं की पुढची ऑर्डर गेली. मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर त्या वर्षी तो खर्च वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी धरायचा. त्याचा थोडा धाक बसला हे खरं. पण एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर एका कारखानदार भावाने सांगितलं की त्याला गिऱ्हाइकाने उद्यम नोंदणीच, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदच, रद्द करून टाकायला सुचवलं, म्हणजे मुदतीचा प्रश्नच नको. रोग राहू द्या, रिपोर्ट बदला!

कोणी म्हणेल, थकबाकीचं रडगाणं पर्यावरणाच्या विषयात कशाला? आमच्या शेडमध्ये या, म्हणजे दिसेल.

गेल्या वर्षी एका रविवारी, मशिनं बंद असताना, आम्ही फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि साबणाचं पाणी घेऊन सगळी लाइन तपासली. जागोजागी बुडबुडे. कोणी हवा वापरत नव्हतं तरी कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने धावत होता. पाइप, व्हॉल्व्ह, होज बदलायला सहा हजार लागले. मग प्रेशर आठ किलोवरून सातवर आणलं. एक किलो कमी केलं की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी उतरते, हे जाणकार सांगतात आणि आमचं बिलही तेच सांगतं. शेवटच्या टाकीतलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आधीच्या टाकीत, तिथलं त्याच्या आधीच्या टाकीत, अशी उलटी वाट काढली. पाणी वाचलं. हे सगळं हजारांतलं काम होतं, म्हणून झालं.

लाखांतलं अडलं आहे. भट्टीच्या ब्लोअरची मोटर तीनदा जळली आणि तिन्ही वेळा रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, बसवली. दर रिवाइंडिंगनंतर मोटर आधीपेक्षा थोडी जास्त वीज खाते, हे मला कळत नाही असं नाही. मोटरच्या जन्मभराच्या खर्चात विकत घेतानाची किंमत अगदी चिमूटभर, बाकी सगळं वीजबिल. तरीही जास्त कार्यक्षम आयई-३ मोटर घ्यायला त्या आठवड्यात हातात पैसे नव्हते, आणि रिवाइंडवाला उधारीवर करून देतो. छतावर ३० किलोवॅटचे पॅनेल बसवायचं कोटेशन पंधरा लाखांचं आहे. नागपूरच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे रोजचे १२० युनिट. शेजारी कोराडीत आणि खापरखेड्यात कोळसा जळून राख उडते ती आपल्याच छातीत जाते, तेव्हा हे १२० युनिट कोणाला नको आहेत? पंधरा लाख आहेत कुठे? त्या ४१ लाखांत आहेत.

आता दराचं. फॉस्फेटिंगचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो बुटीबोरीच्या प्रकल्पात पाठवायचा, वजनावर पैसे भरायचे, वाहतूक वेगळी, कागद वेगळे. आम्ही ते करतो आणि तो खर्च दरात येतो. टेंडर उघडतं तेव्हा आमच्यापेक्षा दीड रुपया कमी सांगणारा निघतोच. तो हे कसं परवडवतो, ते पावसाळ्यात रात्री नाल्याच्या पाण्याचा रंग पाहिला की कळतं. खरेदीवाल्या साहेबांना हे माहीत नसतं असं नाही. त्यांच्या पुढ्यात एल-वनची, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याची, ओळ असते आणि त्यांची वार्षिक बढती त्या दीड रुपयावर असते. त्याच कंपनीतले पर्यावरण विभागाचे साहेब वेगळ्या मजल्यावर बसतात. ते मला ८६ प्रश्न पाठवतात, आणि खरेदीवाले मला सांगतात, "भाऊ, रेट थोडा बघा." दोघांची आपसात भेट होत असेल का, असा मला खरोखर प्रश्न पडतो.

म्हणून मोठ्या कंपन्यांना माझी सूचना साधी आहे. गाळ कुठे गेला याची पावती बिलासोबत मागा. पावती नसेल तर सगळ्यात कमी दरवाल्यालाही काम देऊ नका, आणि पावती दाखवणाऱ्याला तो दीड रुपया द्या.

दुसरं, दर सहा महिन्यांनी टेंडर काढायचं थांबवा. आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. भांडेवाडीत शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि १३ कोटी लिटर रोजच्या क्षमतेच्या प्रकल्पातून कोराडीच्या वीज केंद्राकडे जातं. तेवढं पेंच धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं. २०१९ च्या जुलैत नळाला एक दिवसाआड पाणी आलं होतं, ते दिवस ज्याने काढले त्याला याचं मोल सांगायला नको. हे कोणाला अचानक पर्यावरणाचा पुळका आला म्हणून झालेलं नाही. महापालिका आणि सरकारी वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात करार झाला, घेणारा नक्की झाला, म्हणून पाइपलाइनवर पैसे घालता आले. मला तीन वर्षांची ऑर्डर द्या, मी त्या कागदावर बँकेतून पॅनेलचं कर्ज काढतो. सहा महिन्यांच्या ऑर्डरवर कोणता मॅनेजर मला दारात उभा करेल?

पॅकिंगचं तर बोलायलाच नको. आमच्याकडून बुटीबोरीच्या गिऱ्हाइकाकडे माल जातो तो बबल रॅप, थर्माकोल आणि पुठ्ठ्यात. तासाभरात तिथे ते सगळं फाडून कोपऱ्यात ढीग लागतो, आणि आमचा ट्रक रिकामा परत येतो. माल लोखंडी रॅकमध्ये पाठवला आणि येताना ट्रक तेच रॅक परत घेऊन आला तर? दोन वेळा सुचवलं. उत्तर आलं, पॅकिंगचं स्पेसिफिकेशन पुण्याहून ठरतं.

जाता जाता त्या फोटोतल्या रोपांबद्दल. पर्यावरणदिनी, ५ जूनला, नागपुरात झाड लावणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो किंवा कॅमेरावाल्यासाठी लावत असतो. इथे जूनच्या मध्याआधी सहसा पाऊस येत नाही, तोवर ते रोप निखाऱ्यावरच्या पापडासारखं भाजून निघतं. सीएसआरमधून, म्हणजे नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात त्यातून, हे होतं आणि होऊ द्या. पण नेहमीच्या धंद्यातला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं कायदाच म्हणतो. म्हणजे सीएसआर कितीही केलं, तरी कंपनी आपला माल कसा बनवते याला हात लागतच नाही.

आम्ही लहान कारखानदार धुतल्या तांदळासारखे आहोत, असा दावा नाही. साबणाचं पाणी घेऊन लाइन तपासायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि त्यासाठी कोणाच्या बिलाची वाट पाहायची गरज नव्हती. सगळे मोठे सारखे असंही नाही. आमचं एक गिऱ्हाईक चाळिसाव्या दिवशी न चुकता पैसे टाकतं. त्यांचा कोणताही फॉर्म आला तर मी त्याच संध्याकाळी भरतो.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या कंपनीला हरित पुरस्कार मिळाल्याची बातमी छापाल, तेव्हा तिच्या अहवालातला तो दिवसांचा आकडाही शेजारी छापा. शोधायला दहा मिनिटं लागतात. सापडला नाही तर मी शोधून पाठवतो.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक,
हिंगणा एमआयडीसी, नागपूर