मनीषनगरच्या किल्ल्या

त्रिमूर्तीनगर, नागपूर
५ एप्रिल

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी काल रात्री दोनदा वाचली. तू भाड्याने देणार त्या मनीषनगरच्या फ्लॅटला दोन कॅमेरे, मोबाइलवरून उघडणारं लॉक, दाराला सेन्सर. तुझे बाबा म्हणाले, "पोरीने फ्लॅट घेतला की बँकेचा लॉकर?" फोनवर तू घाईत असतेस आणि मी बोलता बोलता भलतीकडे जाते, म्हणून लिहूनच पाठवते. पंचवीस वर्षं वरचा मजला भाड्याने दिलाय, तेवढं बोलायचा हक्क आहे मला.

तुझ्या यादीत सगळं चोरासाठी आणि भाडेकरूवर नजर ठेवण्यासाठी आहे. कूलर कुठे लागणार, ते काहून नाही त्यात?

तू दहावीला होतीस तो मे आठव. तू मामाकडे होतीस, म्हणून तुला अर्धवटच माहीत आहे. वर इंजिनिअरिंगचे दोन पोट्टे राहायचे. मी गच्चीवर कुरड्या उलटवायला गेले होते. बारा-साडेबाराची वेळ, फरशीवर पाय ठरत नव्हता. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि एक जण कूलरमध्ये पाइपाने पाणी भरत होता. अनवाणी, खाली ओली फरशी, कूलर चालूच. त्याचा हात लोखंडी बॉडीला लागला आणि तिथेच राहिला. ओरडला नाही गं तो. मला वाटलं, नुसता उभा आहे. मग पाइप हातातून सुटला आणि खोलीभर पाणी उडवत फिरायला लागला, तेव्हा कळलं. जिन्यातला मेन स्विच मी कसा पाडला ते मला आजही आठवत नाही.

पोरगा वाचला. तळहातावर रुपयाएवढा पांढरा डाग राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पुसदहून एसटीने आले. बैठकीत बसले, चहाला हात लावला नाही. भांडलेही नाहीत. एवढंच विचारलं, "अर्थिंग होतं का जी?"

तुझे बाबा खाली पाहत बसले. कूलरसाठी खिडकीपाशी सॉकेट वाढवून घेतलं, तेव्हा मिस्त्रीने दोनच वायरी ओढल्या होत्या. थ्री-पिनचं तिसरं भोक दिसायला होतं, त्याच्या मागे गळती वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायरच नव्हती. तीन-चार मीटर वायरचे पैसे वाचवले होते आम्ही.

म्हणून कॅमेऱ्याच्या आधी तुझ्या फ्लॅटच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पडणारा स्विच, आहे का ते पाहायचं. बिल्डरने एमसीबीची, म्हणजे जास्त भाराला पडणाऱ्या स्विचांची, रांग लावून दिली असेल, पण त्याने माणूस वाचत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या वर भार गेल्याशिवाय पडत नाही आणि माणूस अँपिअरच्या दहाव्या भागानेही जातो. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायला भाडेकरूला आपण स्वतः शिकवायचं. तुमच्या अपार्टमेंट स्कीमचा अर्थिंगचा खड्डा पार्किंगमध्ये असेल, तो कुठे आहे ते अध्यक्षांना विचार. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. आपल्याकडे मी एप्रिलपासून दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओतते. शेजारीण हसते, हसू दे.

आता चोराकडे येऊ. तुझ्या बेडरूमच्या खिडकीत कूलरसाठी ग्रिलचा मधला भाग कापलेला मी पाहिला. नागपुरात अर्ध्या खिडक्यांचं हेच आहे. कूलर असतो तोवर भोक बुजलेलं. ऑक्टोबरात कूलर काढून गच्चीवर नेला, वाळ्याच्या ताट्या फेकल्या, की तिथे माणूस शिरेल एवढी वाट राहते आणि आपण पुठ्ठा लावून मोकळे होतो. तू पहिल्या मजल्यावर आहेस, खालच्या पार्किंगचं पत्र्याचं छत थेट खिडकीखाली. तिथे बिजागरीचं ग्रिल करून आतून कुलूप लावायचं. वेल्डरकडे एका दिवसाचं काम आहे. तुझ्या सेन्सरपेक्षा मला त्याचा भरवसा जास्त. किल्ली मात्र त्याच खोलीत खिळ्याला टांगलेली राहील असं भाडेकरूला सांगून ठेव, आग लागली तर शोधत बसायला नको.

दाराच्या लॅचचा सिलिंडर दर भाडेकरूमागे बदलायचा. अख्खं लॅच नाही, नुसता किल्ली फिरते तो सिलिंडर. आपल्याकडून एक कुटुंब सोडून गेलं, आणि दोन महिन्यांनी त्यांचा पुतण्या जुन्या किल्लीने दार उघडून सरळ आत आला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आत नव्या भाडेकरूंची सून एकटी होती. चोरी नव्हती, काही नव्हतं, पण ती पोर आठवडाभर झोपली नाही.

कॅमेरा दाराबाहेर लाव, जिन्याकडे तोंड करून, तेही स्कीममध्ये विचारून. हॉलमध्ये लावायचं मनातही आणू नकोस. घर तुझं असलं तरी भाड्याने दिलं की तो संसार त्यांचा, आणि बायकांचं खासगी चित्रण हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. भाडेकरू म्हणून तू आणलेल्या दोघी मिहानच्या एम्समध्ये नर्स आहेत म्हणतेस. रात्रपाळी करून तिकडून पहाटे परत येतील. त्यांना हवा जिन्यात दिवा, दाराला भिंग, आतून भक्कम कडी. वरच्या काकू विचारतीलच, "मुलींना दिलं काहून?" त्यांना सांग, माझ्या आईने पोट्ट्यांना दिलं होतं, घर अजून उभं आहे.

स्वयंपाकघरात फार नाही. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांत बदलायची, तिच्यावर साल छापलेलं असतं. बाथरूममध्ये गॅस गिझर मात्र काढूनच टाक. खिडकी बंद करून आंघोळ केली की आत साचणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वासही देत नाही. डिसेंबरात आपल्याकडे पारा आठ-नऊवर जातो, तेव्हा कोणी खिडकी उघडी ठेवून आंघोळ करणार आहे का? विजेचा बसव.

कागदाचं मी वेगळं सांगते, कारण तुझा नवरा म्हणाला म्हणे, अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. जावईबापूंना प्रेमाने सांग की महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि जबाबदारी मालकाची. नाही केला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या हिशेबाने ०.२५ टक्के, त्यासाठी कोण डोकं खाजवतं? आधार आणि अंगठा दिला की घरबसल्या होतं. मुदत संपूनही कोणी हललं नाही तर कलम २४ ने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या दिवसांचं भाडं दुप्पट मागता येतं. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यातही द्यायची, ती ऑनलाइन भरता येते. त्या दोघींना वाईट वाटेल म्हणून टाळू नकोस, आधीच सांगितलं की कोणाला वाईट वाटत नाही.

आम्ही शंभराच्या स्टँपवर नोटरी करून बसलो होतो, त्याची शिक्षा भोगली. एका भाडेकरूने पाच महिने भाडं दिलं नाही. तेव्हा तुझ्या बाबांनी (त्यांना सांगू नकोस मी लिहिलं म्हणून) दोन दिवस वरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवला. वकिलाने ऐकलं तर कपाळाला हात लावला. पाणी-वीज तोडणं हाही कायद्याने गुन्हाच, कलम २९. थकबाकी राहिली बाजूला, आम्हीच आरोपी झालो असतो. तिसऱ्या दिवशी मीच खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडला.

विमा उतरव. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी नाग नदीत मावेना, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. सोफे गेले ते गेले, विजेचा बोर्ड खाली होता म्हणून आत जायची सोय नव्हती. मालकाच्या विम्यात भिंती आणि मालकाचं सामान येतं, भाडेकरूचं नाही, हे त्या दोघींनाही सांग. भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे एकसारखी मिळते, पूर त्यात आहे. चोरीसाठी वेगळं विचारून घे.

आपला मिस्त्री रविवारी सकाळी येतो म्हणाला. हा तिसरी वायर विसरणारा नव्हे, त्याच पोट्ट्याच्या वेळी बदललेला. मी त्याच्यासोबत मनीषनगरला जाते, आरसीसीबीची किंमत कळवते. वेल्डरलाही माप घ्यायला तिथेच बोलावलंय. तू फक्त एवढं कर: पझेशनच्या वेळी बिल्डरच्या माणसाने तुला तीन किल्ल्या दिल्या, पण लॅचच्या खोक्यावर चार लिहिलंय, खोकं माझ्याकडेच आहे. चौथी कोणाकडे आहे ते त्याला विचार. काही का सांगेना, सिलिंडर मी रविवारीच बदलून घेते.

तुझी,
आई