दर ७ ऑगस्टला येणारा तो फॉरवर्ड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ ऑगस्ट जवळ आली की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. यंदा तर जुलै संपायच्या आतच आला. २०२० च्या कोझिकोड विमान अपघातात गेलेले पायलट कॅप्टन दीपक साठे यांचा फोटो, हात जोडलेले चार इमोजी, आणि खाली तीच कथा, की विमानाची चाकं उघडत नव्हती, मग त्यांनी तीन चकरा मारून इंधन संपवलं, शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं आणि विमान पोटावर उतरवलं म्हणून आग लागली नाही. वाचून माणसं हळहळतात, पुढे पाठवतात, झालं.

मी एअर फोर्समध्ये ग्राउंड क्रूला होतो, एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम. साठे साहेबांची माझी ओळख नव्हती, एका स्टेशनवर पोस्टिंगही कधी आली नाही, तेव्हा उगाच जवळीक सांगत नाही. पण मिग-२१ वाले पायलट रोज पाहिलेत. विमान घ्यायच्या आधी पायलट फॉर्म ७००, म्हणजे विमानाची देखभाल-नोंदवही उघडतो, आम्ही काय काय तपासलं, कुठला स्नॅग (बिघाड) काढला ते वाचतो, मग सही करतो. सही झाली की विमान त्याचं. आमचे एक चीफ होते, पायलट घाईत असला आणि न वाचता पेन काढलं की ते फॉर्मवरचा हात उचलायचेच नाहीत, साहेब असो की कोणीही. ती सवय माझ्या अंगात मुरलीय, म्हणून २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कोझिकोड अपघाताचा चौकशी अहवाल आला तेव्हा मी तो बसून वाचला, चष्मा दोनदा पुसून.

त्यात लिहिलंय ते असं. ७ ऑगस्ट २०२०, कोरोनात परदेशी अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मिशनमधली एअर इंडिया एक्सप्रेसची दुबई-कोझिकोड फ्लाइट, बोइंग ७३७, आत १८४ प्रवासी आणि ६ क्रू. धो धो पाऊस. पहिल्यांदा रनवे २८ वर उतरायला गेले, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, विमान वर घेतलं. मग त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाने, रनवे १० वर आले, म्हणजे वारा पाठीमागून. रनवे ८,८५८ फुटांचा आणि चाकं टेकली ४,४३८ फुटांवर, म्हणजे अर्धी पट्टी हवेतच गेली, तीही ओली आणि टेबलटॉप, म्हणजे टेकडीवरची, टोकाला खोल उतार असलेली. शेजारी बसलेले सहवैमानिक, फर्स्ट ऑफिसर अखिलेश कुमार यांनी गो अराउंडचा, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घेण्याचा कॉल दिला होता, तरी लँडिंग चालूच राहिलं. विमान रनवे सोडून ११० फूट खाली गेलं आणि त्याचे तुकडे झाले. दोघं पायलट आणि १९ प्रवासी असे २१ जीव गेले. आणि इंधन? पंखांच्या टाक्यांतून भरपूर सांडलं होतं, आग लागली नाही एवढंच. टाकी रिकामी केल्याची गोष्ट तिथेच संपते.

अहवालाने कॅप्टनकडे बोट दाखवलंय, ठरलेली पद्धत पाळली नाही, अॅप्रोच, म्हणजे उतरण्याआधीचा टप्पा, स्थिर नसताना पुढे नेला. हे वाचताना मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे जी ना फॉरवर्डवाले सांगतात ना टीव्हीवर शिव्या घालणारे, ती म्हणजे कंपनीचे कोझिकोडला तेव्हा २६ फर्स्ट ऑफिसर होते आणि कॅप्टन फक्त एक, आणि साठेंना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढची फ्लाइट न्यायची होती. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ड्यूटीच्या तासांचं गणित बसलं नसतं, सकाळची फ्लाइट कोण नेणार. ती फ्लाइट नेण्यासाठी तिथेच उतरायचं हे डोक्यात असणार असं अहवालच म्हणतो. आता हा रोस्टर काही कॉकपिटमध्ये बनत नाही ना बाप्पा.

बरं, त्या माणसाला मोठं करायला खोट्या कथेची गरज तरी काय? खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले, १९८१ साली दुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीतून सर्वोत्तम कॅडेटची स्वोर्ड ऑफ ऑनर घेऊन बाहेर पडलेले, १७ स्क्वाड्रनमध्ये होते, पुढे अकॅडमीत इन्स्ट्रक्टर, विमानं बनवणाऱ्या एचएएल कंपनीत टेस्ट पायलट. २००३ पर्यंत एअर फोर्स, मग प्रवासी विमानं. टेस्ट पायलट होणं म्हणजे काय ते आमच्यासारख्याला विचारा, नवीन किंवा दुरुस्त केलेलं विमान पहिल्यांदा वर घेऊन जाणारा तो, आमच्या हाताच्या कामावर जीव ठेवून. आणि घर इथलंच, नागपूरचं. वडील सैन्यात, थोरला भाऊ सैन्यात असतानाच अपघातात गेलेला. दुसऱ्या दिवशी आईचा ८४ वा वाढदिवस होता असं तेव्हा छापून आलं होतं. मी स्वतः त्या बातमीचं कात्रण ठेवलंय.

आमच्या सौ. म्हणतात, गेलेल्या माणसाच्या चुका कशाला उगाळता. मी उगाळत नाही हो. पण आपण चकरा मारल्याची कथा सांगतो तेव्हा गो अराउंड म्हणणारे अखिलेश कुमार त्यातून गायबच होतात, फॉरवर्डमध्ये त्यांचा फोटो मी आजवर पाहिला नाही. ते १९ प्रवासी गायब होतात. विमानतळाजवळच्या कोंडोट्टीची माणसं गायब होतात, जी कोरोनाच्या काळात, कंटेनमेंट झोन असताना, भर पावसात धावत गेली, लहान पोरं उचलून स्वतःच्या गाड्यांतून दवाखान्यात नेली आणि नंतर क्वारंटाइनमध्ये बसली. आणि उद्या एखादा नवा पोरगा फर्स्ट ऑफिसर झाला तर त्याला त्या कथेतून काय कळणार, की सिनियर जे करतील ते बरोबर? मंगलोरला २०१० साली १५८ माणसं गेली, तोही टेबलटॉप रनवे, आणि तिथेही फर्स्ट ऑफिसरने गो अराउंड म्हटलं होतं. दहा वर्षांत दोनदा.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की या ७ ऑगस्टला तुम्ही काही छापणार असाल तर फोटो दोघांचे छापा, आणि इंधनाची कथा तेवढी गाळा. जागा उरली तर त्या एकट्या कॅप्टनच्या रोस्टरबद्दल दोन ओळी लिहा.

मी हे सगळं ग्रुपवरही लिहिलं होतं, जरा लांबलंच. पुतण्याने अंगठा दाखवला. तिसऱ्या दिवशी सकाळी एका सदस्याने तोच जुना मेसेज पुन्हा टाकला, यावेळी गाण्यासकट.

आपला,
एक निवृत्त एअरमन, नागपूर